वाचकांचे प्रश्न : काम बाहेर दिले, नाव मात्र आपलेच

तंत्रज्ञानाचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवल्यावर मूळ कंपनीच्या नावाचे आणि ती चालवणाऱ्यांचे काय होते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना जागा जास्त दिली आहे, कारण त्यांतला प्रश्न अनेकांचा आहे.

प्रश्न : आमची नागरी सहकारी बँक सांगली जिल्ह्यात असून ठेवी सहाशे कोटींच्या आसपास आहेत. कोअर बँकिंग, मोबाइल ॲप आणि एटीएमची जोडणी हे सारे काम बाहेरच्या एका कंपनीकडे आहे. गेल्या वर्षी ऐन पगाराच्या आठवड्यात दोन दिवस ॲप आणि यूपीआय बंद पडले. वार्षिक सभेत अध्यक्षांनी ‘दोष बँकेचा नाही, सेवा देणाऱ्या कंपनीचा आहे’ असे सांगितले आणि ते खरेही होते. तरी सभासद शांत होण्याऐवजी अधिकच भडकले आणि काही मोठ्या ठेवी शेजारच्या बँकेत गेल्या. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा नेतृत्वाला आणि बँकेच्या नावाला का? — एक संचालक

उत्तर : अध्यक्षांचे विधान खरे होते आणि नेमके म्हणूनच ते महागात पडले. सभासदांनी त्यातून एवढेच ऐकले की, तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण निवडून दिलेले नाही आणि ज्यांना निवडून दिले त्यांना ती किल्ली कशी फिरते हे ठाऊक नाही. त्या कंपनीचे नाव पासबुकावर नसते, शाखेच्या पाटीवर नसते. खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ असा कागद चिकटवला जातो तोही बँकेचाच असतो. ठेवीदार ज्याला ओळखतो त्यालाच जाब विचारणार.

या बाबतीत ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तिथे काय बिघडले आणि कोण काय बोलले हे चौकशी अहवालात आणि नियामकांच्या आदेशांत तपशिलाने नोंदले गेले आहे. टीएसबी पूर्वी लॉइड्स बँकेचा भाग होती. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेने ती घेतली, तेव्हा तिचे संगणकीय काम लॉइड्सच्याच यंत्रणेवर, त्यांना मोबदला देऊन, चालत होते. तो खर्च वाचवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारायचे ठरले आणि ते काम सबादेलच्याच साबिस या तंत्रज्ञान कंपनीकडे गेले. साबिस पुन्हा पंच्याऐंशी इतर कंपन्यांवर अवलंबून होती. २० एप्रिल २०१८ च्या शुक्रवारी दुपारी सेवा थांबवून सुमारे बावन्न लाख ग्राहकांची माहिती नव्या यंत्रणेवर हलवण्यात आली आणि रविवारी संध्याकाळी सेवा पुन्हा सुरू झाल्या. काही तासांतच कुणाला दुसऱ्याच्याच खात्यातली शिल्लक दिसू लागली, तर कुणाला स्वतःचे खाते उघडेना. पुढच्या काही दिवसांत एकोणीस लाखांपर्यंत ग्राहक आपल्या ऑनलाइन खात्याबाहेर अडकून पडले. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला.

आता नेतृत्वाकडे पाहा. त्याच आठवड्यात मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर यांनी ॲप आणि ऑनलाइन सेवा सुरू झाल्याचे जाहीर केले. ग्राहकांच्या मोबाइलवर मात्र त्या वेळीही तोच त्रुटीचा संदेश येत होता. यंत्रणा कोलमडली याबद्दल लोकांनी कदाचित थोडी कळ काढली असती, पण डोळ्यांसमोर दिसते ते नाकारले गेल्यावर ती शक्यता संपली. जूनमध्ये संसदेच्या अर्थविषयक समितीने त्यांच्यावरील विश्वास उडाल्याचे पत्राने कळवले आणि सप्टेंबरमध्ये ते पायउतार झाले. डिसेंबर २०२२ मध्ये दोन नियामकांनी मिळून बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. एप्रिल २०२३ मध्ये तर तत्कालीन मुख्य माहिती अधिकारी कार्लोस अबार्का यांना व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला, आणि माझ्या मते प्रत्येक संचालकाने वाचावा असा भाग तोच आहे. साबिसने आपण तयार असल्याचे लेखी कळवले होते. त्या पत्रातला बराचसा भाग अमुक होईल, तमुक अपेक्षित आहे, अशा पुढच्या काळातल्या आश्वासनांचा होता आणि त्यामागच्या इतर कंपन्यांच्या तयारीचीही तीच कथा होती. त्या आश्वासनांच्या मागे जाऊन पुरेशी पडताळणी करून घेतली नाही, हा अबार्का यांच्यावरचा ठपका. नव्या यंत्रणेची दोन माहिती केंद्रे (डेटा सेंटर) एकाच वेळी काम करणार होती, पण भार पेलण्याच्या काही चाचण्या त्यांपैकी एकाच केंद्रावर झाल्या होत्या, हेही नंतरच्या स्वतंत्र चौकशीत पुढे आले. आपल्याकडे कित्येक संस्थांच्या फायलीत दर मार्चला लागणारे ‘सर्व प्रणाली सुस्थितीत असल्याचे’ प्रमाणपत्र आठवले की या अहवालाचे नवल वाटेनासे होते.

काम बाहेर दिल्यावर नेतृत्वाच्या हातून सर्वांत आधी निसटते ती आपल्या घरात काय चालले आहे हे स्वतः जाणण्याची ताकद. नोकरवर्ग कमी होतो, जुनी माणसे निवृत्त होतात, प्रणालीचे नकाशे पुरवठादाराकडे राहतात. हे दहा वर्षे चालले की संस्थेत नेमका प्रश्न विचारू शकेल असा माणूसच उरत नाही. मग संकटाच्या पहिल्या काही तासांत अध्यक्षांपुढे दोनच वाटा राहतात. पुरवठादार सांगेल ते जसेच्या तसे लोकांपुढे म्हणावे, म्हणजे ते खोटे ठरण्याची भीती. नाहीतर हात झटकावेत, म्हणजे आपले अज्ञान उघडे पडते. नावाला खरा तडा या दोन वाटांवर जातो, आणि आपल्या अध्यक्षांनी दुसरी निवडली.

आपल्यासारख्या बँकांचा अनुभव फार लांब शोधायला नको. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाल्याच्या शक्यतेमुळे राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिचा किरकोळ देयक व्यवहारांशी असलेला संबंध तात्पुरता तोडला. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देते, त्यामुळे देशभरातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक एकदम अडकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या ग्राहकांपैकी बहुतेकांनी या कंपनीचे नाव त्यापूर्वी कधी ऐकलेही नसावे. त्यांच्या लेखी ‘आपली बँक बंद’ होती.

रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचे निर्देश काढले, त्यात काम बाहेर दिल्याने संचालक मंडळाची आणि वरिष्ठ व्यवस्थापनाची जबाबदारी कमी होत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. पुरवठादाराच्या कामाची तपासणी करण्याचा हक्क, एकाच पुरवठादारावर विसंबण्यातला धोका, करार संपवून बाहेर पडण्याची आखणी आणि सायबर घटना पुरवठादाराच्या लक्षात आल्यापासून सहा तासांत रिझर्व्ह बँकेला कळवता येईल अशी व्यवस्था, हे सर्व त्यात आहे. ते निर्देश काढले गेले तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या स्तरातल्या नागरी बँकांना वगळले होते आणि ठेवी एक हजार कोटींच्या आत असल्याने आपली बँक दुसऱ्या स्तरात मोडते. तरीही ते निर्देश पुढे ठेवून आपला करारनामा एकदा ओळीओळीने तपासून पाहावा, असे मी सुचवेन. तपासणीच्या हक्काचे कलम बहुधा सापडेल. तो हक्क शेवटचा कधी वापरला हे सभेच्या इतिवृत्तात शोधून पाहा.

राहिला सभेतला प्रश्न. ‘सेवा दोन दिवस बंद राहिली, ती आमची जबाबदारी आहे, अमुक वाजता बिघाड झाला, अमुक वाजता आम्हाला कळले, ज्यांचे हप्ते त्यामुळे चुकले त्यांचा दंड बँक भरेल’, एवढे अध्यक्ष म्हणाले असते तर पुरवठादाराचे नाव घेण्याची गरज पडली नसती. मात्र या वाक्यातल्या वेळा माहीत असण्यासाठी बँकेत स्वतःचा, पगारावरचा, प्रणाली समजणारा किमान एक माणूस लागतो. त्याचा पगार खर्चाच्या बाजूला दिसतो म्हणून मंडळ त्यावर फुली मारते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

प्रश्न : मी पुण्यात हिंजवडीला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, आमचा ग्राहक ब्रिटनमधला आहे. तिकडे कुठलीही यंत्रणा बंद पडली की ‘काम भारतात पाठवल्यामुळे’ असे लगेच छापून येते. पुष्कळदा दोष आमचा नसतो, पण करारातल्या गोपनीयतेमुळे आम्हाला बोलताही येत नाही. मग आमच्या कंपनीच्या नावाचे काय? — एक संगणक अभियंता

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. २७ मे २०१७ च्या शनिवारी, ऐन सुट्टीच्या गर्दीत, ब्रिटिश एअरवेजची यंत्रणा कोसळली आणि सुमारे पंच्याहत्तर हजार प्रवासी अडकले. आधीच्या वर्षी कंपनीने संगणक विभागातल्या शेकडो जागा कमी करून काम भारताकडे वळवले होते, आणि जीएमबी या कामगार संघटनेने त्याच दिवशी त्याकडे बोट दाखवले. मुख्य कार्यकारी अधिकारी ॲलेक्स क्रूझ अंगात पिवळे जाकीट घालून एका चित्रफितीत माफी मागताना दिसले. बिघाडाचा बाहेर दिलेल्या कामाशी संबंध नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पुढे मूळ समूहाचे प्रमुख विली वॉल्श यांनी खुलासा केला की, लंडनजवळच्या माहिती केंद्रात एका अभियंत्याने वीजपुरवठा तोडला आणि तो अनियंत्रित रीतीने पुन्हा जोडला गेल्याने उपकरणे निकामी झाली. तोवर लोकांच्या मनात गोष्ट पक्की बसली होती. कारण उघड आहे : नोकरकपातीची बातमी वर्षभर आधीच वाचकांच्या कानावर होती, बिघाडाने तिला फक्त शेवट पुरवला. काम बाहेर देताना जुन्या माणसांना कसे निरोप दिले जातात याचा हिशेब त्या कंपनीच्या नावावर उधार राहतो, असे मी यावरून समजतो. आणि त्या हिशेबात पुण्याच्या किंवा चेन्नईच्या अभियंत्याला विनाकारण ओढले जाते.

२०२५ चे मार्क्स अँड स्पेन्सरचे प्रकरण आपल्या अधिक जवळचे आहे. ईस्टरच्या सुमारास झालेल्या सायबर हल्ल्यानंतर या दुकानसाखळीने २५ एप्रिलला ऑनलाइन मागण्या घेणे थांबवले, ते १० जूनला पुन्हा सुरू झाले. नफ्याला सुमारे तीस कोटी पौंडांचा फटका बसेल असा अंदाज कंपनीनेच मे महिन्यात दिला. हल्लेखोर एका बाहेरच्या कंपनीच्या मार्फत, माणसांना फसवून आत शिरले असे मार्क्स अँड स्पेन्सरने म्हटले. कंपनीचे नाव घेतले नाही. पण मार्क्स अँड स्पेन्सरचा हेल्पडेस्क, म्हणजे संगणकाच्या अडचणींसाठी फोन घेणारा कक्ष, टाटा कन्सल्टन्सीकडे असल्याने सगळ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. जूनमधल्या वार्षिक सभेत टाटा कन्सल्टन्सीने आपली कोणतीही यंत्रणा वा वापरकर्ता बाधित झाला नसल्याचे भागधारकांना सांगितले. पुढे हेल्पडेस्कचा करार संपल्याची बातमी आली, तेव्हा ती निविदा प्रक्रिया जानेवारीतच, म्हणजे हल्ल्याच्या आधी, सुरू झाली होती असा खुलासा झाला. खुलासा वाचणारे किती आणि मथळा वाचणारे किती, हे आपणही जाणता.

हेल्पडेस्कचे काम बाहेरून किरकोळ वाटते. फोन येतो, पलीकडचा माणूस घाईत असतो, पासवर्ड विसरलो म्हणतो, दोन-तीन जुजबी प्रश्नांची उत्तरे बरोबर देतो आणि त्याला नवा पासवर्ड मिळतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांचे मूल्यमापन किती कॉल किती मिनिटांत मिटवले यावर होते. ज्याने शंका येऊन कॉल लांबवला त्याचा आकडा घसरतो. हा निकष ग्राहक कंपनीनेच करारात घातलेला असतो, आणि म्हणून या बाबतीतला दोष वाटून घ्यायचा तर मी मोठा वाटा करार करणाऱ्यांच्या पदरात टाकीन.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्राप्तिकर विभागाचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ ला सुरू झाले आणि पहिल्याच दिवसापासून अडखळू लागले, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी इन्फोसिसला आणि नंदन निलेकणींना जाहीरपणे उद्देशून नाराजी व्यक्त केली. ऑगस्टमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांना बोलावून घेण्यात आले आणि १५ सप्टेंबरपर्यंतची मुदत देण्यात आली. इथे काम देणाऱ्यानेच काम घेणाऱ्याचे नाव घेतले. सरकारला ते परवडते, कारण करदात्याला दुसऱ्या संकेतस्थळावर जाण्याची सोय नसते. विमान कंपनीला किंवा दुकानाला ते परवडत नाही. एअर इंडियाच्या सुमारे पंचेचाळीस लाख प्रवाशांची माहिती २०२१ मध्ये सीता या बाहेरच्या कंपनीच्या यंत्रणेतून फुटली, आणि एअर इंडियाने तसे प्रवाशांना कळवलेही. तरी ते प्रकरण ओळखले जाते एअर इंडियाच्या नावाने.

आपल्या हातात काय आहे? गोपनीयतेचे कलम पाळावेच लागेल. पण ग्राहकाला दिलेला प्रत्येक इशारा लेखी, तारखेसह, नेमक्या भाषेत द्यावा. ‘काही जोखीम संभवते’ असे गुळमुळीत वाक्य चौकशीच्या टेबलावर कुणालाच वाचवत नाही. ‘या चाचणीविना सेवा सुरू करू नये असे आमचे मत आहे’ हे वाक्य लिहायला धैर्य लागते आणि आपल्या व्यवस्थापकांना ते रुचणार नाही. तरी ते लिहावे.

प्रश्न : मी नागपूरला व्यवस्थापनशास्त्र शिकतो. काम बाहेर देऊन एखाद्या उद्योगपतीची प्रतिमा उंचावली, असे भारतीय उदाहरण आहे का? — एक विद्यार्थी

उत्तर : आहे, आणि ते तुमच्या खिशातल्या सिमकार्डाचे असू शकते. २००४ मध्ये भारती एअरटेलने आपले दूरसंचार जाळे उभारणे व सांभाळणे एरिक्सन आणि नोकियाकडे, तर माहिती तंत्रज्ञानाचे सारे काम आयबीएमकडे सोपवले. दूरसंचार कंपनीने जाळेच बाहेर द्यावे हे तेव्हा अनेकांना वेडेपणाचे वाटले. पण मोबदल्याची रचना पाहा : जाळ्याचे पैसे उपकरणांच्या नगांवर न देता प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षमतेवर आणि आयबीएमचे पैसे एअरटेलच्या महसुलातल्या वाट्यावर ठरले, त्यामुळे ग्राहक वाढले तरच पुरवठादाराचे भले होणार होते. ग्राहक, दर, विपणन आणि सरकारशी असलेले व्यवहार सुनील मित्तल यांनी स्वतःकडे ठेवले. स्वस्त मिनिटांच्या त्या काळात ही पद्धत जगभर अभ्यासली गेली आणि मित्तल यांचे नाव मोठे झाले. टीएसबीशी तुलना कराच. प्रकल्प अहवालाला विषय मिळेल.

प्रश्न : नाशिकला आमचा मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे. संकेतस्थळ आणि ॲप एका एजन्सीने केले. दिवाळीत अनेकांचे पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली गेली नाही. एजन्सी म्हणते दोष पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा, गेटवेवाले म्हणतात दोष एजन्सीचा. ग्राहकांच्या अभिप्रायातला एक तारा मात्र आमच्या नावापुढे पडतो. काय करावे? — एक उद्योजिका

उत्तर : आधी ज्यांचे पैसे अडकले त्यांना स्वतः फोन करा, एजन्सीच्या माणसाला करायला लावू नका. ज्या ग्राहकाला मालकिणीचा फोन येतो तो पुष्कळदा आपला अभिप्राय स्वतःहून बदलतो.

असे बहुधा का होते ते समजून घ्या. पैसे जमा झाले की गेटवे आपल्या संकेतस्थळाला तसा संदेश पाठवतो. त्या क्षणी आपला सर्व्हर गर्दीने गुदमरलेला असेल किंवा संदेश टिपण्याची सोय नीट केलेली नसेल, तर पैसे गेटवेच्या नोंदीत दिसतात आणि ऑर्डर कुठेच नसते. म्हणून सणाच्या दिवसांत रोज संध्याकाळी गेटवेची यादी आणि ऑर्डरची यादी समोरासमोर ठेवून जुळवा. हे काम घरचा कुणीही करू शकतो आणि भांडण कुणाचे हे ठरेपर्यंत ग्राहक ताटकळत राहत नाही.

ग्राहकांचे पत्ते आणि फोन क्रमांक एजन्सीकडे असले तरी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार त्यांची जबाबदारी आपली आहे, आणि करारात उलट लिहिले तरी ती टळत नाही. एजन्सीला गरजेपुरताच प्रवेश द्या. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीच्या यंत्रणेत २०१३ मध्ये चोर शिरले ते शीतकरणाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराला दिलेल्या पासवर्डने. चार कोटी कार्डांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये कंपनीच्या माहिती विभागाच्या प्रमुखांना, तर मे महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले.

शेवटी मालकीची बाब. संकेतस्थळाचे डोमेन (म्हणजे त्याचा नोंदलेला पत्ता), प्ले स्टोअरचे खाते आणि गेटवेचे खाते कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या पॅनवर आहे ते आजच पाहा. छोट्या व्यवसायांत डोमेन सर्रास एजन्सीच्या नावावर निघते आणि वाद झाला की तेच अडवून धरले जाते. तसे असेल तर एजन्सीचे उरलेले बिल चुकते करण्याआधी, दोष कुणाचा या वादात न पडता, ते आपल्या नावावर करून घ्या.